टीव्हीवरचे चाचणी चॅनल : वीस घरे पुरत नाहीत

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर काही वर्षांपूर्वीपर्यंत एक निरोप फिरत असे. “रोकूच्या खात्यात जाऊन हा कोड टाका, नवे चॅनल दिसेल. अजून बाहेर आलेले नाही, फार कुणाला सांगू नका.” हा निरोप एका वेळी दोनशे जणांना जायचा. तुम्हीही एखादा कोड टाकून पाहिला असेल. कधी त्यातून एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे चित्रीकरण निघाले असेल, तर कधी कालच प्रदर्शित झालेला सिनेमा फुकटात, कोपऱ्यात कुणाचे तरी डोके दिसत असलेला.

या दोन्ही गोष्टी एकाच दाराने घरात येत होत्या. ते दार बांधले होते तिसऱ्याच कामासाठी, म्हणजे चॅनल बाहेर येण्यापूर्वी त्याची चाचणी घेण्यासाठी. चोरीचा माल आत येऊ लागल्यावर ते बंद झाले. बंद करण्यामागचे कारण मला मान्य आहे, पण त्याच्या जागी जी फट उरली ती फार अरुंद आहे. तिचा सर्वांत मोठा फटका आपल्यासारख्या छोट्या भाषांना बसतो, असे माझे म्हणणे आहे. ते पटते का पाहा.

चॅनल म्हणजे काय?

केबलच्या काळात चॅनल म्हणजे एक ठरलेली वारंवारता होती. रोकूसारख्या पेटीवरचे चॅनल हा एक छोटा प्रोग्राम असतो. तो पडद्यावर चित्रांच्या रांगा मांडतो, रिमोटची बटणे ऐकतो आणि तुम्ही निवडलेला व्हिडिओ कुठल्या तरी सर्व्हरवरून मागवतो. रोकूवर हा प्रोग्राम ब्राइटस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहितात. लिहिलेल्या फायली आणि चित्रे एका झिप फाइलमध्ये बांधली की चॅनल तयार. आता त्याला ‘ॲप’ म्हणण्याकडे कल आहे, पण आपल्या तोंडी चॅनलच बसले आहे.

झिप फाइल आपल्या घरच्या पेटीवर चढवणे अवघड नाही. होम बटण तीनदा, वर दोनदा, मग उजवे, डावे, उजवे, डावे, उजवे असे दाबले की डेव्हलपरसाठीची खोली उघडते. पेटी घरच्या जाळ्यावर एक वेबपान दाखवू लागते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पेटीचा आयपी पत्ता टाकून झिप फाइल चढवायची. एका वेळी असे एकच चॅनल पेटीवर राहते. शाळकरी मुलालाही शनिवार-रविवारात जमेल आणि आवडेल असा हा उद्योग आहे.

पण आपल्या घरी चालले म्हणजे सगळीकडे चालेल असे नाही. स्वस्त मॉडेलमध्ये ५१२ मेगाबाइट स्मृती असते, महागात जास्त. तुमच्याकडे चकचकीत चालणारी चित्रांची रांग शेजारच्या जुन्या पेटीत अडखळते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत ठेवलेला असतो. वायफाय मंदावले की पेटी हलक्या दर्जाचा तुकडा उचलते. मंडळाच्या हौशी कार्यकर्त्याने एकाच भारी दर्जात व्हिडिओ ठेवला असेल, तर पेटीला हलके उचलायला काही सापडतच नाही. तळघरात टीव्ही असलेल्या घरात मग चक्र फिरत राहते.

आणखी एक उदाहरण खास आपले आहे. भारतातल्या टीव्हीची परंपरा सेकंदाला २५ चित्रांची, अमेरिकेतला पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा. ६० ला २५ ने भाग गेला तर उत्तर येते २.४, आणि कुठलेही चित्र २.४ वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा, मग दोनदा, तीनदा, दोनदा असे केले जाते. पाच चित्रे बारा ठोक्यांत बसतात. नट रंगमंचावर एका विंगेतून दुसऱ्या विंगेत चालत गेला की त्याची चाल किंचित लंगडी दिसते, ती यामुळे. काही पेट्या टीव्हीला आपली गती बदलायला सांगतात, पण सगळे टीव्ही ते ऐकत नाहीत. टेबलावर बसून हे सगळे अंदाजाने कळत नाही. निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या टीव्हींवर चालवूनच पाहावे लागते.

दार का लागले?

२००८ मध्ये नेटफ्लिक्स दाखवण्यासाठी पहिली रोकू पेटी आली. पुढे बाहेरच्यांना चॅनल लिहिण्याची मुभा मिळाली, आणि दुकानात न मांडलेली खासगी चॅनलही निघाली. लिहिणाऱ्याला एक कोड मिळे. तो ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या खात्याच्या पानावर टाकावा, की चॅनल त्याच्या पेटीत उतरे. कंपनीची तपासणी झालेली नसे. म्हणून हे चाचणीला सोयीचे होते, आणि म्हणूनच चोरट्यांनाही.

परिणाम मोठा झाला. केबल कंपनी काब्लेव्हिसिऑनच्या तक्रारीवरून जून २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या न्यायालयाने रोकूच्या विक्रीवरच बंदी घातली. विनापरवाना चॅनल दाखवणाऱ्या लोकांनी या खासगी दाराचा सर्रास वापर चालवला होता. बंदी उठायला ऑक्टोबर २०१८ उजाडले. एक अख्खी बाजारपेठ वर्षाहून जास्त काळ हातातून गेल्यावर कुठलीही कंपनी कुलपे मोजू लागणारच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोकूने तपासणी न झालेली खासगी चॅनल पूर्ण बंद केली.

त्यांच्या जागी आली ‘बीटा’ चॅनल. त्यांच्या अटी अशा : चाचणीला जास्तीत जास्त २० जण, आणि मुदत १२० दिवसांची. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक दार लागले. प्रोग्राम न लिहिता, फक्त व्हिडिओंची यादी देऊन चॅनल बनवून देणारी ‘डायरेक्ट पब्लिशर’ ही सोय रोकूने गुंडाळली. मंडळे, छोटी देवळे, हौशी नाट्यसंस्था यांच्यासाठी ती शिडीची सर्वांत खालची पायरी होती.

हे फक्त रोकूचे नाही. ॲमेझॉनने २०२५ मध्ये फायर टीव्हीची जी नवी ‘४के सिलेक्ट’ कांडी आणली, ती वेगा या नव्या प्रणालीवर चालते. ॲमेझॉनच्या दुकानाबाहेरचे ॲप सामान्य ग्राहकाला तिच्यावर टाकता येत नाही. सगळ्या पेट्यांचा कल एकाच दिशेला आहे.

वीसच का?

इतरांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्ये, ज्यात ॲपल टीव्हीची ॲपही येतात, एका ॲपसाठी बाहेरचे १०,००० पर्यंत लोक घेता येतात. प्रत्येक आवृत्ती ९० दिवस चालते, आणि नवी आवृत्ती चढवली की तिचे दिवस नव्याने सुरू होतात. गूगल प्लेचा नियम तर उलट्या बाजूचा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना ॲप बाहेर आणण्याआधी किमान २० जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२४ मध्ये तो आकडा १२ वर आला.

एकाच कामाकडे पाहण्याच्या या तीन नजरा आहेत. गूगल म्हणते, निदान इतक्यांनी तरी वापरून पाहिल्याशिवाय येऊ नका. ॲपल म्हणते, हवे तेवढे लोक घ्या, पण आवृत्ती ताजी ठेवा. रोकू म्हणते, विसाच्या वर जाऊ नका. रोकूच्या आकड्यामागे चाचणीचे शास्त्र कमी आणि २०१७ ची भीती जास्त आहे. वीस घरांत चोरीच्या सिनेमाचा धंदा चालत नाही, हा त्यातला हिशेब उघड आहे. पण वीस घरांत आणखी काय चालत नाही, याचा हिशेब कुणी मांडायचा?

‘दुसऱ्या’ घरात काय दिसते?

देवनागरीची गोष्ट घ्या. ‘शिक्षण’ हा शब्द संगणकात साठवला जातो तो श, मग इकाराची खूण, मग क, हलन्त, ष, ण या क्रमाने. इकार साठवतात श नंतर, पण दाखवायचा असतो श च्या आधी. क, हलन्त आणि ष ही तीन चिन्हे मिळून एक ‘क्ष’ व्हायचा असतो. ही मांडणी फॉन्ट एकटा करत नाही. अक्षरांची जुळणी करणारे इंजिन पेटीत असावे लागते. ते नसेल किंवा अर्धवट असेल, तर इकार भलत्या बाजूला जातो आणि जोडाक्षरे फुटतात. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ मध्ये, पहिल्या रोकू पेटीच्याच वर्षी. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ‘ॲप’ऐवजी एक रिकामा चौकोन आणि ‘प’ दिसतो.

सबटायटलांचीही तीच कथा. अमेरिकेतल्या टीव्हीवरची जुनी पद्धत मुळात लॅटिन अक्षरांसाठी घडवलेली. तिच्यात देवनागरीला जागाच नाही. वेबव्हीटीटीसारख्या नव्या पद्धतीत कुठलीही लिपी लिहिता येते, पण लिहिलेली नीट दिसेल की नाही ते पुन्हा पेटीवर अवलंबून.

यात दोष कोण पकडणार? ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याला फुटलेले ‘शिक्षण’ आणि धड ‘शिक्षण’ सारखेच नक्षीदार दिसते. बरे, हिंदी वाचणारा माणूस बसवला तरी पुरत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हिंदीत लागत नाही. पडद्यावर ‘दुसर्या’ आले तर हिंदी वाचकाला ते खटकायचे कारण नाही. मराठी डोळ्यालाच ते खटकणार.

आता गणित मांडा. पेट्यांची पाच-सहा तरी मॉडेल तपासायची आहेत. जुने-नवे टीव्ही हवेत, चांगले-वाईट वायफाय हवे. मोठ्या अक्षरांशिवाय वाचता न येणारे आजी-आजोबा हवेत, रिमोटची सगळी बटणे एकदम दाबणारी नातवंडे हवीत, आणि यातल्या प्रत्येक गटात मराठी वाचणारे कुणी तरी हवे. वीस माणसांत हे बसवताना ओढाताण होते. मोठ्या कंपनीकडे स्वतःची प्रयोगशाळा असते, शेल्फवर रांगेत मांडलेली मॉडेल असतात, पगारी तपासनीस असतात. तिला वीसची अट जाणवतही नाही. प्रयोगशाळा नसलेल्याची प्रयोगशाळा म्हणजे ओळखीच्यांची घरे. तीच मोजून वीस दिली आहेत.

शिवाय सगळ्याच चॅनलना ‘बाहेर’ यायचे नसते. साठ-सत्तर कुटुंबांच्या मंडळाला आपल्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण जगाला दाखवायचे नसते, आणि मुलांचे चेहरे पाहता दाखवूही नये. त्यांना ते फक्त सत्तर दिवाणखान्यांत हवे असते. जुन्या दारात त्यांची सोय होती. आता एक तर सर्वांसाठी प्रकाशित करा, नाही तर १२० दिवसांत आटपा. मधली जागा राहिली नाही.

दुसरी बाजू

“पण सुरक्षिततेचे काय?” असे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे. एफबीआयने जून २०२५ मध्ये ‘बॅडबॉक्स २.०’ बद्दल जाहीर इशारा दिला. स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड टीव्ही पेट्यांत कारखान्यातून येतानाच किंवा पहिल्यांदा सुरू करताना घातक प्रोग्राम शिरवलेला असतो. तुमच्या घरचे इंटरनेट मग परक्यांच्या उद्योगांसाठी भाड्याने दिले जाते, तुम्हाला न विचारता. गूगलने जुलै २०२५ मध्ये या टोळीवर दावा लावला, तेव्हा अशा उपकरणांची संख्या एक कोटीहून जास्त असल्याचे म्हटले. भारतीय किराणा दुकानाच्या काउंटरवर “सगळी देशी चॅनल, एकदाच पैसे” म्हणून विकायला ठेवलेली पेटी घेताना ही गोष्ट आठवा. एकदाच पैसे घेऊन कुणी आयुष्यभर सर्व्हर चालवत नाही. त्याचा खर्च कुठून तरी निघत असतो.

तरीही दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. रोकूवर छोट्या डेव्हलपरचे ब्राइटस्क्रिप्टमधले चॅनल स्वतःच्या कुंपणात चालते. त्याला पेटीच्या गाभ्यात हात घालता येत नाही. अशा चॅनलमधून धोका होता तो मुख्यतः चोरीच्या व्हिडिओचा. बॅडबॉक्समधला धोका पेटीच पोखरलेली असण्याचा आहे. पहिल्यासाठी माणसाची ओळख पटवणे हा उपाय आहे, दुसऱ्यासाठी ती पेटी न घेणे. कोणत्या रोगावर कोणते औषध हे न पाहता सरसकट कुलूप लावले, की पथ्य पाळणाराही उपाशी राहतो.

पैशांची बाजूही समजून घ्या. रोकूची कमाई पेटी विकून होत नाही. ती जाहिराती आणि वर्गणीतल्या वाट्यातून होते. सत्तर घरांचे बिनजाहिरातीचे चॅनल त्यांच्या दृष्टीने निव्वळ खर्चाचे आहे, आणि वर न्यायालयाची धास्ती. म्हणून हे दार ते आपणहून उघडणार नाहीत. कुणी तरी मागितले पाहिजे.

मग मागायचे काय?

जुने मोकाट दार परत मागू नये. मागायची ती एक मधली खोली. चॅनल चालवणाऱ्याची ओळख पटलेली असावी. घरांची संख्या ठरलेली असावी, समजा दोनशे, आणि प्रत्येक घराला नावाने निमंत्रण असावे, म्हणजे कोड फिरवता येणार नाही. मुदत एक वर्षाची असावी आणि नूतनीकरण करता यावे. तक्रार आली तर कंपनीने ते एका कळीने बंद करावे. टेस्टफ्लाइट रोज चालते आहे, तेव्हा यातले बहुतेक भाग तंत्राच्या दृष्टीने अशक्य नाहीत हे उघड आहे. दोनशे घरांच्या नावानिशी यादीत चोरीचा धंदा बसत नाही. तो धंदा अनोळखी गिऱ्हाइकांवर चालतो.

ही मागणी एकट्या मराठी मंडळाने केली तर कुणी ऐकणार नाही. पण अमेरिकेत गुजराती, तमिळ, अम्हारिक, नेपाळी बोलणारी मंडळेही आहेत. त्यांच्या लिप्यांचेही हेच हाल असू शकतात. कंपनीच्या डेव्हलपर विभागाकडे एकत्रितपणे, उदाहरणांसकट मागणी गेली तर निदान नोंद तरी होते. ‘आमची लिपी अशी फुटते’ असे दाखवणारे पडद्याचे दहा फोटो लांबलचक निवेदनापेक्षा जास्त बोलतात.

तोवर तुमच्या हातात काय आहे? कुणी ओळखीचा माणूस बीटा चॅनलसाठी बोलावत असेल तर जरूर जा, आणि गेलात तर खरी चाचणी करा. “मस्त आहे!” एवढ्याने त्याला काही कळत नाही. सेटिंग्जमध्ये, सिस्टिमच्या ‘अबाउट’ पानावर पेटीचे मॉडेल आणि प्रणालीची आवृत्ती दिसते. ती आधी लिहून घ्या. मग कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, काय व्हायला हवे होते, काय झाले, हे चार ओळींत लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. व्हिडिओ मध्येच थांबवून परत या. चालू असताना वायफाय बंद करून पाहा. सबटायटल लावा आणि जोडाक्षरे वाचा. ‘ऱ्य’, ‘क्ष’, ‘ॲ’ नीट आहेत का पाहा. आईच्या किंवा सासऱ्यांच्या हाती रिमोट देऊन, काहीही न सांगता गप्प बसा. ते कुठे अडतात ते टिपा.

काही गोष्टींना मात्र ठाम नाही म्हणा. चाचणीसाठी कार्डाचा क्रमांक मागणारे चॅनल चाचणीचे नसते. कोण चालवते, व्हिडिओचे हक्क कुणाचे, हे विचारल्यावर जो गुळमुळीत बोलतो, त्याचे निमंत्रण घेऊ नका. डेव्हलपर मोड कुणाच्या सांगण्यावरून उघडला असेल आणि तो काय आहे हे माहीत नसेल, तर बंद करून टाका. आणि गटात चोरीच्या सिनेमाचा दुवा आला की नुसते दुर्लक्ष करण्याऐवजी एक ओळ लिहा की हे इथे नको. चोरीचे गिऱ्हाईक नसते तर चाचणीचे दार कदाचित उघडेच राहिले असते. ते गिऱ्हाईक आपल्यातही होते.

दार पुन्हा मागायचे तर ते कशासाठी हवे हे दाखवता आले पाहिजे. एखाद्या मंडळाने यंदा वीस घरांत, १२० दिवसांत, नीट नोंदी ठेवून एक चॅनल तपासले, तर वीस घरांत काय सापडले आणि काय निसटले याचा कागद त्यांच्या हाती असेल. पुढच्या वर्षी कंपनीपुढे ठेवायला तो उपयोगी पडेल. तुमच्या गावच्या मंडळात प्रोग्राम लिहिणारे एक-दोघे तरी नक्की असतील. दिवाळीच्या कार्यक्रमाची आखणी सुरू होते तेव्हाच त्यांना विचारा.